काच रोज पुसूनही धूसर का दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा जणांचा काचेचा डायनिंग टेबल आहे, काचेची दारं नि काचेचे कप्पे असलेलं एक कपाट आहे. रोज स्प्रे मारून पुसलं जातं, तरी काचेवर धुरकट थर दिसतो. ऊन आत आलं की गोलगोल रेघा उठून दिसतात. कुंडी ठेवायच्या जागी एक पांढरं वर्तुळ पडलंय, ते काही केल्या जात नाही. वर्तमानपत्राने पुसावं का, टूथपेस्ट लावावी का, की सरळ पॉलिशवाल्याला बोलवावं, असं विचारलंय.

काचेचं फर्निचर बसवणं, जुने टॉप बदलणं आणि पॉलिश करणं हे माझं रोजचं काम आहे. 'रोज पुसतो तरी' हे शब्द ज्या घरी ऐकू येतात, तिथे नव्वद टक्के वेळा दोष एकच निघतो: काच मळलेली नसते, तिच्यावर साफसफाईचाच थर बसलेला असतो. त्यामुळे आणखी चांगलं काहीतरी लावायचा विचार आधी सोडा. आतापर्यंत जे लावलंय ते उतरवायचं आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर सकाळी काच गार असताना तोंड जवळ नेऊन तिच्यावर 'हा' करून वाफ सोडा. स्वच्छ काचेवर वाफ एकसारखी पसरते आणि कडेकडून आत आक्रसत शांतपणे उडून जाते. थर असलेल्या काचेवर त्या वाफेत चक्क चित्र उमटतं. फडकं फिरल्याचे अर्धगोल दिसतात, मनगट टेकलं होतं ती जागा दिसते, चार दिवसांपूर्वी ठेवलेल्या ग्लासाच्या बुडाचा गोल दिसतो. वाफ उडाली की चित्रही गायब. दुसरी परीक्षा पाण्याची. कोपऱ्यात चमचाभर साधं पाणी ओता. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाणी पातळ पसरतं, कारण काचेला पाणी धरून ठेवायला आवडतं. ते गोळा होऊन थेंबाथेंबाने उभं राहिलं तर वर तेलकट किंवा मेणकट काहीतरी आहे. (काचेला पाणी झटकणारं कोटिंग दिलेलं असेल तर ही दुसरी परीक्षा लागू पडत नाही.)

हा थर येतो कुठून? काच पुसायच्या स्प्रेमध्ये पाणी आणि लवकर उडून जाणारं द्रावण तर असतंच, शिवाय साबणासारखे घटक, सुगंध आणि रंगही असतात. द्रावण उडतं, बाकीचं मागे राहतं. ते फडक्यात पूर्ण उचललं गेलं नाही, तर आजच्या पुसण्यावर उद्याचं पुसणं बसत जातं. त्यात हातांचा नैसर्गिक तेलकटपणा मिसळतो. तो नुसत्या पाण्याने विरघळत नाही, आणि जुना झाला की चिकट होऊन धूळ धरतो. स्वयंपाकघर जवळ असेल तर हवेतली तेलाची वाफही येऊन बसते. नळाच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर प्रत्येक वाळलेल्या थेंबामागे थोडी पांढुरकी पूड उरते. आणि एक कारण कुणाच्याच लक्षात येत नाही: फडकं. कपडे मऊ करणारं फॅब्रिक सॉफ्टनर घालून धुतलेल्या फडक्याच्या धाग्यांवर मेणासारखा लेप बसतो. असं फडकं पाणी कमी शोषतं आणि तो लेप काचेवर फासत जातं. कितीही महागडा स्प्रे घ्या, अशा फडक्याने रेघा येणारच.

आता उतरवायचं कसं ते सांगतो. हे एकदाच नीट करायचं आहे, त्यासाठी सुट्टीचा निवांत दिवस निवडा. थेट ऊन पडत असेल तर पडदा ओढून घ्या. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आत वाळतं आणि रेघा तिथेच तयार होतात.

सर्वांत आधी धूळ, आणि ती दाब न देता काढायची. हा मुद्दा मी प्रत्येक घरी सांगतो, कारण टेबलावरचे बारीक ओरखडे जवळपास नेहमी कोरड्या फडक्याने पडलेले असतात. घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर आणि साधी काच साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणजे धूळ काचेपेक्षा कठीण आहे. कोरडं फडकं दाबून फिरवलं की ते कण काचेवर घासले जातात. टफन, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेल्या, काचेला चरे पडत नाहीत असा एक समज आहे, तो खरा नाही. टफन केल्याने काच फुटायला अवघड होते, तिचा पृष्ठभाग कठीण होत नाही. शिवाय कोरडं घासल्याने काचेवर स्थिर वीज साठते आणि पुसून होताच ती पुन्हा धूळ ओढते. म्हणून मऊ ब्रशने किंवा ओलसर मायक्रोफायबरने, वजन न टाकता, एका दिशेने धूळ उचलायची आणि फडक्याची घडी बदलत राहायची.

मग साबण. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब पुरेत. लोकांचा हात इथेच सैल सुटतो. फेस दिसला म्हणजे साबण जास्त झाला. फडकं बुडवून चांगलं पिळा आणि काच धुतल्यासारखी पुसा. थर जुना असेल तर फडकं थोडं अडखळल्यासारखं वाटेल, त्या जागेवरून दोनदा-तीनदा जा. यानंतर दुसरं फडकं, नुसत्या पाण्याचं, आणि ते दोनदा. बहुतेक घरांत ही पायरी होतच नाही. साबण घाण सोडवतो, पण साबणाला काढायचं काम पाण्याचं आहे. घरचं पाणी क्षारयुक्त असेल तर या पायरीला फिल्टरचं आरओ पाणी किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. लागतं जेमतेम तांब्याभर, फरक मात्र लगेच दिसतो.

काच वाळायच्या आत तिसऱ्या, अगदी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. यानंतरही वाफेत चित्र दिसत असेल, तर अर्धं पाणी आणि अर्धं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एक हात फिरवा. उरलेला मेणकट थर त्याने सुटतो आणि मागे काही राहत नाही. हे द्रावण पेट घेतं. गॅस बंद, खिडकी उघडी, जवळपास मेणबत्ती नको.

पुसताना एक युक्ती ठेवा. वरची बाजू आडवी पुसा आणि खालची बाजू उभी. नंतर रेघ दिसली की तिच्या दिशेवरून लगेच कळतं ती कुठल्या बाजूला आहे. रेघ खालच्या बाजूला असते आणि माणूस अर्धा तास वरून घासत बसतो, असं मी कितीदा पाहिलंय! टेबलाची खालची बाजू महिनोन्‌महिने कुणी पुसत नाही. गुडघ्यांचे, बोटांचे ठसे तिथे असतात आणि काच पारदर्शक असल्यामुळे ते वरूनच दिसतात. तपासायला मोबाईलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सरळ वरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही, ते तिरक्या उजेडात सगळं दिसतं.

खालून पुसायला टॉप उचलायचा मोह होतो. तो टाळा, खालीच बसून पुसा. १२ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे सहा जणांच्या टेबलाचा टॉप सहज ४० किलोच्या आसपास जातो. वजनापेक्षा मोठी भीती कडेची. टफन काच मधोमध बराच मार खाते, पण तिचा कोपरा फरशीवर नुसता टेकला तरी सगळी काच क्षणात तुकडे-तुकडे होऊन खाली येऊ शकते. उचलणं भागच असेल तर दोन धडधाकट माणसं, पायात बूट, आणि टेकवायला जाड रबर किंवा घडी केलेली चादर.

आता ते पांढरं वर्तुळ. हे नीट समजून घ्या, कारण यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात.

पहिली शक्यता क्षारांची. कुंडीखालचं पाणी वाळलं, त्यातला चुना काचेवर बसला. हा थर काचेच्या वर असतो, नखाला किंचित खडबडीत लागतो आणि आम्लात विरघळतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी मिसळा, त्यात टिश्यू पेपर भिजवून वर्तुळावर घाला आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. काढताना प्लॅस्टिकच्या कार्डाने हलकं खरवडा, साध्या पाण्याने धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. टेबलाचा पाया संगमरवराचा असेल तर मात्र फार जपून, कारण जे व्हिनेगर चुना विरघळवतं तेच संगमरवरही खातं. लिंबूही चालतं, पण लिंबाच्या रसात साखर आणि गर असतो, तो पुन्हा धुऊन काढावा लागतो. म्हणून मी व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं सायट्रिक अ‍ॅसिड सुचवतो.

दुसरी शक्यता वाईट आहे. काच आणि कुंडीची थाळी यांच्यामध्ये पाणी आठवडेच्या आठवडे कोंडून राहिलं, तर काचच झिजते. आपल्या घरातली काच वाळू, सोडा आणि चुना यांची असते. कोंडलेलं पाणी तिच्यातला सोडा हळूहळू बाहेर ओढतं आणि स्वतः अल्कलीयुक्त होत जातं. त्या पाण्याचा पीएच ९ च्या वर गेला की काचेचा मूळ सांगाडा, म्हणजे सिलिका, विरघळू लागतो. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, तिथे उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढुरका डाग दिसतो. हा डाग काचेवर नसून काचेतच आहे. कुठल्याही आम्लाने, साबणाने तो जाणार नाही. गोदामात काचांची थप्पी दमट हवेत पडून राहिली की असेच डाग पडतात, म्हणून कारखाने दोन काचांमध्ये कागद किंवा खास पावडर घालतात.

ओळखायचं कसं? डाग पाण्याने ओला करा. ओला असताना दिसेनासा झाला एवढ्यावर फसू नका, दोन्ही प्रकारांत तसं होतं. व्हिनेगरचे तीन प्रयोग नीट करूनही वाळल्यावर डाग तसाच असेल आणि नखाला काच गुळगुळीत लागत असेल, तर काच झिजलेली आहे.

दोन्ही टाळायचा उपाय एकच: कुंडी, फुलदाणी, पाण्याचा जग यांच्याखाली हवा खेळली पाहिजे. पाय असलेला स्टँड सर्वांत उत्तम. 'काच जपायला' म्हणून टेबलभर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलेलं असेल तर तेही उचलून बघा. त्याखाली ओल कोंडते. मऊ पीव्हीसीमधलं तेलकट रसायन हळूहळू बाहेर येऊन काचेवर चिकट पडदा धरतं, तो वेगळाच. पडदा साबणाने आणि अल्कोहोलने निघतो, ओलीने झिजलेली काच परत येत नाही.

वर्तमानपत्राचं विचारलंत. जुन्या लोकांचा अनुभव खोटा नाही. कागद तंतू सोडत नाही आणि पाणी बऱ्यापैकी शोषतो, त्यामुळे काच चमकायची. पण शाई हाताला लागते, पांढऱ्या फ्रेमला आणि काचेच्या घासलेल्या कडेला लागते, आणि कडेत शिरलेली शाई काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. चांगलं मायक्रोफायबर हाताशी असताना मी कागद वापरत नाही. काचेसाठी घट्ट, सपाट विणीचं घ्या. लांब लव असलेलं धुळीला छान, पण शेवटचा हात फिरवायला नाही. ही फडकी वेगळी ठेवा, थोड्या डिटर्जंटमध्ये धुवा, सॉफ्टनर नाही, टर्किश टॉवेलबरोबर नाही, नाहीतर त्याची लव याला चिकटते.

टूथपेस्ट लावू नका. तिच्यात बारीक घासणारे कण असतात. त्यांनी खोल ओरखडा निघत नाही, आजूबाजूची काच मात्र मंद पडू शकते. नखाची परीक्षा करा: ओरखड्यावरून नख आडवं फिरवताना अडकलं, तर तो घरी निघणाऱ्यातला नाही. ब्लेडचंही तसंच. स्टिकर खरवडायला लोक ब्लेड घेतात आणि टफन काचेवर तेवढ्याने समांतर चरे पडलेले मी पाहिलेत. टफन करताना काचेचे अतिसूक्ष्म कण कधीकधी पृष्ठभागावर चिकटून राहतात. ब्लेड ते उपटतं आणि पुढे ओढत नेतं. स्टिकरचा कागद कोमट पाण्याने भिजवून काढा, मागच्या डिंकावर खाद्यतेलाचा बोळा दहा मिनिटं ठेवा, प्लॅस्टिकच्या कार्डाने लोटा आणि शेवटी साबणाने तेल काढा. तारेची घासणी, भांड्यांची पावडर, हिरवा खरखरीत स्क्रबर यांना काचेच्या जवळ आणू नका.

तुमच्या कपाटाच्या दारांबद्दल लिहिलंय त्यावरून ती फ्रॉस्टेड, म्हणजे दुधी काचेची, वाटतात. एका बाजूने खरखरीत असतील तर तसंच समजा. या काचेवर बोटांचा तेलकटपणा गडद ठिपक्यासारखा दिसतो, आणि एकाच जागी घासलं तर ठिपका मोठा होतो. पूर्ण दार एकाच वेळी, साबणाच्या पाण्याने वरून खाली, मग साध्या पाण्याने, असं करा. अल्कोहोलही चालतं.

इतर काचा ओळखून घ्या. मागून रंग दिलेली लॅकर्ड काच आणि आरसा यांचा धोका समोर नसतो, कडेला असतो. काचेवर स्प्रे मारला की ओघळ खाली जाऊन कडेतून मागे शिरतो. आरशाच्या काठाला काळे डाग पडतात ते बहुधा यामुळेच. काचेला धातूचे पाय किंवा बिजागऱ्या गोंदाने चिकटवलेल्या असतील तर तो जोडही भिजत ठेवायचा नाही. म्हणून माझा नियम सरसकट आहे: स्प्रे फडक्यावर मारायचा, काचेवर कधीच नाही. आणि जे काचेसारखं दिसतं ते काच आहे ना हे बघा. ठोकल्यावर बद्द आवाज आला, हाताला गार लागलं नाही, वजनाला हलकं वाटलं तर ते अ‍ॅक्रिलिक आहे. अमोनिया किंवा अल्कोहोल त्यावर लावलं की जाळीसारख्या तडा जातात. त्याला फक्त साबणाचं पाणी.

दोन रसायनं कधी एकत्र करू नका. ब्लीचबरोबर व्हिनेगर मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, ब्लीचबरोबर अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. दोन्ही विषारी आहेत. एक वापरून काच धुतल्याशिवाय दुसरं घेऊ नका. गंज काढायच्या काही द्रावणांत फ्लोराइडची आम्लं असतात, ती काच कोरतात आणि त्वचेला तर फार घातक आहेत. लेबल वाचून दूर ठेवा.

एकदा थर उतरला की रोजचं काम फार कमी उरतं. ओलसर फडक्याने धूळ, लगेच कोरड्या फडक्याने एक हात, बस्स. ठसे दिसले तर तेवढ्याच जागी वाफ सोडून पुसा. चहा-कॉफी सांडली तर तिथल्या तिथे कोमट पाण्याने पुसा. साखर वाळली की ती घासावी लागते, आणि घासणं हेच आपल्याला टाळायचंय. स्प्रे आठवड्यातून एकदा, तोही थोडा. साबण-पाण्याची पूर्ण धुलाई महिन्या-दोन महिन्यांनी पुरते. वाफेत पुन्हा चित्र दिसू लागलं की वेळ झाली असं समजा. टॉपखालची सिलिकॉनची बटणं त्याच वेळी बघून घ्या. पिवळी, कडक झालेली बदला, कारण त्यांच्याभोवती काळपट कडं धरतं आणि टॉपही सरकू लागतो.

राहिला पॉलिशवाला. धुरकट थरासाठी त्याला बोलवायची गरज नाही, वरचं केलंत की तो निघेल. पांढरं वर्तुळ झिजलेल्या काचेचं निघालं, तर सेरियम ऑक्साइडच्या पेस्टने आणि फेल्ट पॅडच्या मशीनने वरचा सूक्ष्म थर काढता येतो. पण हे सावकाशीचं काम आहे. पॅड एकाच जागी फिरत राहिलं तर काच तापते, आणि ती जागा किंचित खोल झाली की त्यातून पलीकडचं दृश्य वाकडं दिसतं. उथळ, तळहाताएवढा डाग असेल तर करून घ्या. पूर्ण टॉपभर डाग असतील, तर पॉलिश आणि नवा टॉप यांचा खर्च आधी विचारून घ्या, पुष्कळदा नवा टॉप परवडतो. टॉपच्या कडेला कुठे टवका उडालेला असेल, तर मात्र पॉलिशचा विचारच नको. टफन काच एकदा तयार झाल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही, आणि टवका उडालेली कड पुढे कधी दगा देईल याचा नेम नसतो. तो टॉप बदलूनच घ्या, आणि तोवर त्याच्यावर जड किंवा गरम काही ठेवू नका.